क्रॅश डंपमधून प्रोसेस उभी करणं: फॉरमॅटागणिक क्लास की एक प्रोसेस आणि अनेक रीडर?

क्रॅश डंप (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची साठवलेली प्रत) उघडल्यावर डीबगरच्या हातात फक्त एक फाइल असते. ती चालवता येत नाही, तिच्यात लिहिता येत नाही. तरी बॅकट्रेस (फंक्शन कॉलची साखळी), थ्रेडची यादी आणि व्हेरिएबल्स मात्र जिवंत प्रोसेससारखीच दिसायला हवीत. म्हणून डंपचा कोड हळूहळू जिवंत प्रोसेसच्या क्लासमध्ये शिरतो आणि जिथे तिथे 'ही कोअर (म्हणजे डंपची फाइल) आहे का?' अशा अटी उगवतात. त्या काढायच्या ठरल्या की समोर दोन रचना येतात.

पहिली एलएलडीबी या एलएलव्हीएम प्रकल्पाच्या डीबगरची. एल्फ कोअर (लिनक्सचा), माक-ओ कोअर (ॲपलचा) आणि मिनिडंप (विंडोजचा) या डंपच्या फॉरमॅटांना प्रोसेसचा स्वतंत्र उपक्लास, आणि त्यांच्यावर मरणोत्तर प्रोसेससाठी सामायिक बेस क्लास. फाइल ओळखणं, मेमरीचे पट्टे लावणं, थ्रेड तयार करणं हे ज्याचं तो उपक्लास करतो.

दुसरी जीडीबी या जीएनयूच्या डीबगरच्या वळणाची. तिथे कोअर टार्गेट एकच आहे. फाइल उलगडायचं काम बीएफडी ही बायनरी फाइली वाचणारी लायब्ररी करते आणि प्रत्येक थ्रेडच्या रजिस्टरांसाठी थ्रेडचा क्रमांक नावात असलेला एक आभासी सेक्शन पुढे ठेवते. हीच कल्पना नव्या कोडमध्ये आणायची तर रीडरने (एका फॉरमॅटची फाइल वाचणाऱ्या कोडने) प्रोसेसला हात न लावता नुसतं वर्णन परत द्यायचं: आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार), मेमरीचे पट्टे, थ्रेड, मॉड्यूल (मुख्य प्रोग्राम आणि लायब्ररी), थांबण्याचं कारण. प्रोसेस त्यावरून उभी राहते.

वर्णनाची रचना कागदावर सरळ दिसते. ती अडते मॉड्यूलपाशी. मिनिडंपमध्ये मॉड्यूलची यादी तयारच मिळते: स्ट्रीम क्रमांक ४, त्यात प्रत्येक मॉड्यूलचा मूळ पत्ता आणि आकार. लिनक्सच्या एल्फ कोअरमध्ये अशी यादी नसते. ऑक्झिलरी व्हेक्टर (प्रोग्राम सुरू होताना कर्नलने दिलेली माहिती) वाचायचा, त्यावरून मुख्य प्रोग्राम शोधायचा, मग डायनॅमिक लिंकरची लोड केलेल्या लायब्ररींची साखळी डंपमधल्या मेमरीतूनच चालत जायची. म्हणजे मिनिडंपमध्ये मॉड्यूल आधी मिळू शकतात, एल्फमध्ये मेमरी लागल्याशिवाय मिळतच नाहीत. वर्णनात 'यादी माहीत नाही, डायनॅमिक लोडरला विचारा' असं म्हणायची सोय ठेवा. ती नसेल तर कोणीतरी कोअरमधल्या फाइल नोटमधल्या (मेमरीत मॅप झालेल्या फाइलींच्या नोंदीतल्या) मॅपिंगवरून यादी बनवतो, आणि त्या नोटमध्ये मॅप केलेल्या साध्या डेटा फाइलीही असतात. शिवाय ही नोट लिनक्स ३.७ पासूनच आहे. त्याआधीच्या कोअरमध्ये ती सापडणार नाही.

मेमरीचा भाग सामायिक करताना सर्वांत महाग चूक होते ती शून्यांची. एक्झिक्युटेबलमध्ये लोड सेगमेंटचा मेमरीतला आकार फाइलमधल्या आकारापेक्षा मोठा असला, तर उरलेली जागा शून्यांनी भरायची असते. कोअरमध्ये त्याच फरकाचा अर्थ वेगळा आहे: तो भाग डंपमध्ये लिहिलाच गेलेला नाही. कोणती मेमरी डंपमध्ये लिहायची हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या कोअर फिल्टरची मूळ किंमत हेक्स ३३ आहे. तिच्यानुसार निनावी मेमरी येते, पण फाइलवरून मॅप झालेल्या लायब्ररीचं फक्त एल्फ हेडर असलेलं पहिलं पान येतं, कोड येत नाही. दोन्हीकडे एकच सेगमेंट रीडर वापरला की डिसअसेंब्लीत नुसती शून्यं दिसतात आणि अनवाइंडर (बॅकट्रेस काढणारा कोड) पहिल्या-दुसऱ्या फ्रेमला थांबतो. एरर कुठेच येत नाही, म्हणून हा दोष फार उशिरा कळतो. पट्ट्यात 'फाइलमध्ये असलेले बाइट' आणि 'पत्त्यांची लांबी' ही दोन वेगळी फील्ड हवीत. न लिहिलेल्या भागाचं वाचन एक्झिक्युटेबलकडे वळवायचं, आणि तीही फाइल नसेल तर वाचन फसलं असं स्पष्ट सांगायचं.

पट्ट्यांमध्ये बाइट साठवू नका. पत्ता, फाइलमधलं ठिकाण आणि लांबी एवढंच पुरे. डंप कित्येक गिगाबाइटचे असतात. फाइल अर्धवट कापलेली आहे का, हे रीडरने एकदाच तपासून पट्टे आखडते घ्यावेत आणि इशारा देऊन पुढे जावं.

उभारणीचा क्रम दोन्ही रचनांत सारखाच: ओळख, आर्किटेक्चर, मेमरी, थ्रेड, मॉड्यूल आणि सर्वांत शेवटी 'थांबली' ही स्थिती. आर्किटेक्चर थ्रेडच्या आधी हवंच. एक्स८६-६४ वर थ्रेडच्या स्थितीची नोट ३३६ बाइटांची असते आणि रजिस्टरं ११२ व्या ऑफसेटला सुरू होतात. ३२ बिटी प्रोसेसच्या नोटची मांडणीच निराळी. वापरणाऱ्याने आधी भलतं एक्झिक्युटेबल लोड केलं असेल तर डंपमधलं आर्किटेक्चर खरं मानायचं.

ओळख पटवताना काही उभारू नये. मिनिडंपला ३२ बाइटांचं हेडर आणि त्यातली सही पुरते. एल्फला फाइलचा प्रकार ४ आहे का एवढं बघायचं. प्रोग्राम हेडर (प्रत्येक सेगमेंटची नोंद) ६५,५३५ किंवा जास्त असतील तर खरी संख्या पहिल्या सेक्शन हेडरमध्ये असते. लिनक्समध्ये मॅपिंगची मूळ मर्यादा ६५,५३० असल्याने साध्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही. मर्यादा वाढवलेल्या सर्व्हरच्या डंपमध्ये दिसतं.

मग निवड कशी करायची? फॉरमॅट एक किंवा दोन असतील आणि रीडर डीबगरबाहेर लागणार नसेल, तर बेस क्लास घ्या. लिहिणं, चालवणं, ब्रेकपॉइंट लावणं यांना नकार देणारा कोड तिथे एकदाच लिहिला की काम भागतं, आणि पॅच लहान राहतो. त्याचा तोटा अर्धवट अपयशात दिसतो: लोड मध्येच फसलं तर अर्धी भरलेली प्रोसेस टार्गेटला (डीबगरमधल्या तपासाच्या सत्राला) चिकटलेली राहते, आणि दुसरा डंप उघडला की जुने थ्रेड डोकावतात. प्रत्येक उपक्लासला स्वतःची सफाई लिहावी लागते.

तिसरा फॉरमॅट येऊ घातला असेल, किंवा क्रॅश गोळा करणाऱ्या सेवेलाही तोच रीडर हवा असेल, तर वर्णनाची रचना घ्या. ती जास्त सुरक्षित आहे असं आमचं ठाम मत आहे, कारण वर्णन पूर्ण झाल्याशिवाय टार्गेटला काहीच जोडलं जात नाही, आणि रीडरची टेस्ट डीबगर सुरू न करता होते. एलएलव्हीएमचं यामल-टू-ऑब्ज हे साधन मजकुरातल्या वर्णनावरून एल्फ आणि मिनिडंप दोन्ही बनवतं, त्यामुळे टेस्टसाठी खरे, वापरणाऱ्यांची माहिती असलेले डंप साठवावे लागत नाहीत.

कोणतीही रचना घेतली तरी पहिल्या पॅचमध्ये फक्त टेस्ट घाला: प्रत्येक फॉरमॅटसाठी सर्व थ्रेडचे बॅकट्रेस, रजिस्टरं, मॉड्यूलचे पत्ते आणि न लिहिलेल्या एका पत्त्याचं फसणारं वाचन. दुसऱ्यात ओळख वेगळी करा, तिसऱ्यात मेमरी. थ्रेड आणि मॉड्यूल एकाच पॅचमध्ये हलवू नका. बॅकट्रेस बिघडला तर दोष कोणाचा हे शोधण्यात दिवस जातो.