केडीई प्लाझ्मा ६: दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांसाठी कीबोर्ड, स्क्रीन आणि माउसची सेटिंग्ज

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. सगळं काम युनिकोडमध्ये चालतं. लॅपटॉपवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली टाकल्यापासून डेस्कटॉप म्हणून केडीई प्लाझ्मा ६.३ वापरते आहे, आणि ज्यांचा दिवस टाइप करण्यात आणि अक्षरं न्याहाळण्यात जातो त्यांना तो मनापासून सुचवते. त्याच्या सजावटीबद्दल आणि विजेटबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड, माउस आणि डिस्प्ले या पानांबद्दल लिहिते, कारण माझं काम त्यांच्यावरच उभं आहे.

कीबोर्डच्या पानावर लेआउटच्या यादीत आधी इंग्रजी आणि मग मराठीचा एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डची वाढीव आवृत्ती) घातला की टायपिंग सुरू. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. कुठलाही मराठी कीबोर्ड हाती आला की त्यात ऱ कुठे ठेवलाय ते मी सगळ्यात आधी बघते. इथे शिफ्ट धरून जे दाबला की तो मिळतो, त्यामुळे ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्याला’, ‘कोऱ्या’ हे शब्द विनासायास उमटतात.

पण ज्या सोयीसाठी मी या डेस्कटॉपवर टिकले, ती त्याच पानावर जरा खाली आहे: स्विचिंग पॉलिसी. लेआउट बदलला की तो कुठे कुठे लागू व्हावा, हे इथे ठरवता येतं. सगळीकडे, त्या व्हर्च्युअल डेस्कटॉपपुरता, त्या प्रोग्रॅमपुरता, नाहीतर त्या एका विंडोपुरता. सुरुवातीला ‘सगळीकडे’ हाच पर्याय असतो. तो तसाच ठेवला, तर मराठी प्रकरण टाइप करता करता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जाऊन फाइलींची यादी मागण्यासाठी एल आणि एस दाबावं आणि समोर ‘ते’ उमटावं! इन्स्क्रिप्टमध्ये त्या दोन बटणांवर त आणि एकाराची मात्रा आहे ना. मी ‘विंडो’ निवडलं. आता टर्मिनल इंग्रजीत राहतं आणि लिबरऑफिसमध्ये दोन फाइली उघड्या असल्या तरी मराठी मजकुराची मराठीत राहते, इंग्रजी संदर्भसूचीची इंग्रजीत. विंडो बदलली की लेआउट आपोआप बदलतो. हात थांबत नाही, आणि चुकीच्या लिपीत गेलेला अर्धा शब्द खोडत बसावं लागत नाही.

त्याच्या जोडीला दोन बारीक पर्याय मी लावून घेतले आहेत. देवनागरीत टाइप करणाऱ्याला कॅप्स लॉकचा तसा उपयोग नसतो, म्हणून लेआउट बदलण्याचं काम त्या बटणाला दिलं. आणि दुसरा लेआउट चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लागावा, असाही पर्याय तिथे आहे. माझ्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर मराठी चालू असेपर्यंत तो दिवा लागलेला असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातली खूण शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गमभनच्या पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय असेल, तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांसारखा टायपिंगचा जोडप्रोग्रॅम लागतो आणि तो चालू करण्याची जागा कीबोर्डच्या पानावर नाही, ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ नावाच्या वेगळ्याच पानावर आहे. स्क्रीनवरच्या कीबोर्डशी ज्याला काही देणंघेणं नाही, तो माणूस तिथे कशाला जाईल? ही मांडणी मला अजिबात पटत नाही. आणि ज्यांचे प्रकाशक अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्याच फाइली मागतात, त्यांचा प्रश्न यातून सुटणार नाही.

आता स्क्रीन. माझा लॅपटॉप १४ इंची, फुल एचडी. शेजारचा मॉनिटर २४ इंची, तोही फुल एचडी. पिक्सेल दोन्हीकडे सारखेच, १९२० गुणिले १०८०, पण लॅपटॉपवर ते इंचाला १५७ बसतात आणि मॉनिटरवर ९२. म्हणजे एकाच आकाराचं अक्षर लॅपटॉपवर बारीक आणि मॉनिटरवर ठळक दिसणार. प्रोग्रॅमच्या विंडो स्क्रीनवर दाखवणारी एक्स११ ही जुनी व्यवस्था १९८७ सालची. तिच्यात प्लाझ्माचं स्केल, म्हणजे सगळं किती पट मोठं दाखवायचं ते प्रमाण, सगळ्या स्क्रीनना मिळून एकच असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्लाझ्मा ६ ने वेलँड या नव्या व्यवस्थेला पहिलं स्थान दिलं आणि तिथे प्रत्येक स्क्रीनचं स्केल वेगळं ठेवता येतं. मी लॅपटॉपला १५० टक्के ठेवलं आहे, मॉनिटरला १००. पान इकडून तिकडे ओढलं तरी अक्षर जवळपास तेवढंच राहतं. ष आणि प, घ आणि ध यांतला फरक दिवसभर शोधणाऱ्या डोळ्यांना हे केवढं मोलाचं आहे, ते मुद्रितशोधकालाच कळेल. जुने, फक्त एक्स११ वर चालणारे प्रोग्रॅम मात्र वाढवलेल्या स्केलवर धूसर दिसू शकतात. त्यांना स्वतःचं स्केल स्वतः सांभाळू द्यायचा पर्याय त्याच पानावर आहे.

मॉनिटर मी उभा फिरवला आहे. ९० अंशांत वळणारा स्टँड असेल तर हे जरूर करा: रुंदी जवळजवळ ३० सेंटीमीटर मिळते आणि ए-फोर पान तर २१ सेंटीमीटरचं, त्यामुळे अख्खं पान मूळ आकारापेक्षा मोठं, वरपासून खालपर्यंत एकदम दिसतं. सेटिंग बदललं की ‘हे ठेवायचं का’ असं विचारलं जातं आणि उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं, म्हणून स्क्रीन काळी पडेल या भीतीने बिचकू नये.

उभ्या स्क्रीनसोबत फॉन्टच्या पानावर एक बदल करावाच लागतो. एरवी पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि सब-पिक्सेल रेंडरिंग त्यांच्या आधाराने अक्षराच्या कडा गुळगुळीत करतं. मॉनिटर उभा केला की त्या पट्ट्या एकाखाली एक येतात आणि कान्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत झाक दिसू लागते. हे सेटिंग स्क्रीनगणिक वेगळं ठेवता येत नाही, ही मला या डेस्कटॉपमधली खरी उणीव वाटते. मी ते बंद केलं आणि हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या चौकटीत बसवणं, ‘स्लाइट’वर (थोडंसंच) ठेवलं. हिंटिंग पूर्ण लावलं तर शिरोरेखा कुठे जाड, कुठे बारीक दिसते आणि टाइपच खराब आहे असं वाटायला लागतं.

स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट रात्री डोळ्यांना सुखाचा, पण मुखपृष्ठाचे रंग तपासताना तो बंदच असला पाहिजे.

माउसच्या पानावर आधी उपकरण निवडायचं आणि मग त्याची सेटिंग्ज, अशी सोय आहे. उजवं मनगट दुखायला लागलं की मी डाव्या हाताने काम करते, म्हणून डावीकडे दुसरा माउस कायमचा जोडून ठेवला आहे. त्याची बटणं उलटी, वेग कमी आणि ॲक्सिलरेशन ‘फ्लॅट’ (हात भरभर हलवला तरी बाण त्याच प्रमाणात सरकतो), तर उजवा माउस नेहमीसारखा. दोन्ही एकाच वेळी चालतात. माउस मात्र वेगवेगळ्या मॉडेलचे घ्या, कारण ही सेटिंग्ज उत्पादकाचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि नाव यांवरून ओळखून ठेवली जातात. एकाच मॉडेलचे दोन असले तर दोघांना एकच नियम लागतो. बाण दोन स्क्रीनमध्ये हरवला तर माउस जोरात हलवायचा. तो मोठा होऊन दिसतो.

कीबोर्डची सेटिंग्ज ‘केएक्सकेबीआरसी’ आणि माउसची ‘केसीएमइनपुटआरसी’ या साध्या मजकुराच्या फाइलींत, होम फोल्डरमधल्या लपवलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये असतात. मशीन बदलताना त्या दोन तेवढ्या नव्या मशीनवर घ्याव्यात. स्क्रीनच्या मांडणीची फाइल नेऊ नये; ती त्या त्या मॉनिटरशी जोडलेली असते, तिथे नव्याने मांडणी केलेली बरी.