टॉरस जी३सी: तीनशे डॉलरच्या आत, रोज जवळ बाळगण्याजोगे पिस्तूल

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील उपनगरात आमचे छोटे दुकान आहे. आठवड्यातून पाच रात्री ११ वाजता गल्ला मोजून, रोकड पिशवीत भरून, दुकान ते गाडी हे साठ-सत्तर पावलांचे अंतर मला एकट्याला चालावे लागते. गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराला अशाच वेळी गाठून लुटले, तेव्हा पत्नीशी बरेच दिवस बोलून मी पिस्तूल घेण्याचे ठरवले. पिस्तुलासाठी ३०० डॉलर आणि बाकी सगळ्या खर्चासाठी आणखी ३०० डॉलर एवढी मर्यादा आम्ही आधीच घालून घेतली होती. आज टॉरस कंपनीचे जी३सी हे पिस्तूल सहा महिने वापरल्यावर आणि त्यातून सुमारे ६०० गोळ्या झाडल्यावर हे लिहीत आहे.

इकडच्या मराठी मंडळींकडून मला पहिला प्रश्न नेहमी कायद्याचा येतो, म्हणून तो आधी घेतो. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक अथवा काडतुसे विकत घेणे वा जवळ बाळगणे निषिद्ध आहे. वैध शिकारीचा परवाना असणे यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्यावाचून कोणीही त्यांच्या भरवशावर राहू नये. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि नागरिकांना खरेदी करता येते. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घ्यायचे तर वय किमान २१ असावे लागते, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. तरीही मी वर्गात बसून, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी देऊन परवाना घेतला, कारण तो इतर अनेक राज्यांत मान्य होतो, शाळांच्या परिसराबाबतच्या संघीय कायद्यातली सवलत त्याच्यावर अवलंबून आहे आणि बळाचा वापर कायद्याने केव्हा समर्थनीय ठरतो हे त्या वर्गात नीट समजावून सांगतात. माझ्या मते त्या दिवसाची फी हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च आहे.

पिस्तूल निवडण्यासाठी आम्ही दोघे भाड्याने शस्त्रे देणाऱ्या एका रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तीन शनिवार गेलो, आणि प्रत्येकाने तसेच करावे असे मला मनापासून वाटते. दुकानाच्या काउंटरवर हातात धरून पाहिलेले पिस्तूल आणि त्यातून पन्नास गोळ्या झाडल्यावर कळलेले पिस्तूल यांत फार अंतर असते. मी सुरुवातीला लहानात लहान पिस्तुलाच्या शोधात होतो, कारण ते खिशात मावेल आणि कोणाला दिसणार नाही. रूगर कंपनीचे एलसीपी मॅक्स हे त्या जातीचे पिस्तूल आहे: वजन सुमारे ३०० ग्रॅम, .३८० कॅलिबर (काडतुसाचे माप), १० काडतुसांचे मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी). खिशात ठेवले तर असून नसल्यासारखे वाटते, ही त्याची मोठी बाजू आहे. परंतु तिसऱ्या मॅगझिननंतर माझा अंगठा आणि तर्जनी यांमधला भाग लाल झाला होता आणि सात यार्डांवरच्या कागदावर माझ्या गोळ्या थाळीएवढ्या जागेत विखुरल्या होत्या. जे पिस्तूल चालवायला नको वाटते त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसलेले पिस्तूल जवळ बाळगणे धोक्याचे आहे.

लहान पिस्तूल हाताळायला सोपे असेल हा समज का चुकीचा आहे, ते रेंजवरच्या प्रशिक्षकांनी मला पिस्तूल रिकामे करून, उघडून दाखवले. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. स्लाइड जड असेल तर तिचे वजनच बराचसा धक्का पचवते. पिस्तूल लहान केले की स्लाइड हलकी होते आणि तेवढ्याच ताकदीच्या काडतुसाला आवरण्यासाठी स्प्रिंग अधिक ताठ बसवावी लागते. त्यामुळे पहिले काडतूस भरण्यासाठी स्लाइड हाताने मागे ओढताना सर्वांत जास्त जोर लहान पिस्तुलालाच लागतो, आणि झटकाही तेच जास्त देते. माझ्या पत्नीचे हात लहान आहेत आणि मनगटाला जुने दुखणे आहे. नऊ मिलिमीटरच्या एका बारीक पिस्तुलाची स्लाइड तिला तीन प्रयत्नांतही पूर्ण मागे नेता आली नाही. दोघांसाठी एकच पिस्तूल हा आमचा मूळ बेत तिथेच संपला.

कॅलिबर म्हणून मी नऊ मिलिमीटर ठरवले. अमेरिकेच्या एफबीआयने २०१५मध्ये पुन्हा याच काडतुसाकडे वळण्याचा निर्णय घेतला. आधुनिक पोकळ टोकाच्या (लागल्यावर पसरणाऱ्या) गोळ्यांमुळे मोठ्या कॅलिबरचा फारसा फायदा उरला नाही आणि कमी झटक्यामुळे नेम सुधारतो, हे त्यामागचे मुख्य कारण होते. माझ्यासारख्याला याहून महत्त्वाचे कारण म्हणजे सरावाची नऊ मिलिमीटरची ५० काडतुसे मला साधारण १४ डॉलरला मिळतात, तर .३८० कॅलिबरसाठी त्याहून बरेच अधिक मोजावे लागतात.

अखेर निवड टॉरस जी३सी आणि रूगर मॅक्स-९ या दोघांत होती. मॅक्स-९ जेमतेम एक इंच जाडीचे, वजनाने सुमारे ५२० ग्रॅम, आणि त्याचा पुढचा नेमदर्शक अंधारातही चमकतो. जी३सी सुमारे १.२ इंच जाड आणि ६२० ग्रॅमचे आहे. नळी दोघांची ३.२ इंचांचीच. कमरेला लावायला मॅक्स-९ निश्चित सुखाचे आहे आणि माझी मर्यादा ४०० डॉलरची असती तर कदाचित मी तेच घेतले असते. परंतु जी३सीची मूठ जाड असल्यामुळे माझ्या तळव्यात ती पूर्ण भरते, करंगळी अधांतरी राहत नाही, आणि ते शंभरेक ग्रॅम जास्तीचे वजन झटका कमी करते. सात यार्डांवर माझ्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसू लागल्या त्या याच पिस्तुलाने. शिवाय २७० डॉलरच्या किमतीत त्याच्यासोबत १२ काडतुसांची तीन मॅगझिने आली. मॅगझिने वेगळी घ्यायला गेलो असतो तर तो खर्च डोळ्यांत भरला असता.

चापाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्त पिस्तुलाची परीक्षा तिथेच होते. जी३सीचा चाप सुरुवातीला बराच लांबपर्यंत हलका येतो, मग बोटाला एक स्पष्ट अडथळा लागतो आणि त्यापुढे थोडा दाब दिला की बार होतो. या लांब सुरुवातीबद्दल अनेकांची तक्रार असते. मला मात्र ती पोटाशी बाळगायच्या पिस्तुलात हवीशी वाटते, कारण अनवधानाने लागलेला हलका स्पर्श तिथे पुरेसा ठरत नाही. चापावर मधोमध सुरक्षेची पात आहे आणि माझ्या नमुन्यात डाव्या बाजूला अंगठ्याने खाली करायची वेगळी सेफ्टीही आहे. अनुभवी लोक ही सेफ्टी अनावश्यक मानतात. मी ती रोज वापरतो, आणि पिस्तूल बाहेर काढताना अंगठा आपोआप तिच्यावर जावा यासाठी घरी पिस्तूल रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज वीस वेळा तोच सराव करतो. आणखी एक सोय अशी की एखाद्या काडतुसाच्या बुडाची, ठोका बसून पेटणारी टोपी फुटली नाही तर चाप पुन्हा ओढून त्याच काडतुसावर दुसरा ठोका देता येतो. या किमतीच्या स्ट्रायकर पद्धतीच्या (बाहेरचा घोडा नसलेल्या, आतल्या सुईने ठोका देणाऱ्या) पिस्तुलांत हे सहसा मिळत नाही. सफाईसाठी पिस्तूल उघडताना चाप ओढावा लागतो, हे मात्र विसरून चालणार नाही. मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीने तपासल्याखेरीज मी चापाला हात लावत नाही.

सहाशे गोळ्यांत पिस्तूल दोनदा अडले. दोन्ही वेळा ते पत्नीच्या हातात होते आणि दोन्ही वेळा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकली. मनगट ढिले राहिले की सारे पिस्तूलच स्लाइडसोबत मागे जाते आणि स्लाइडला पूर्ण मागे जाण्यासाठी टेकू मिळत नाही, असे प्रशिक्षकांनी सांगितले. तेच पिस्तूल, त्याच डब्यातली काडतुसे घेऊन मी लगेच चालवले तेव्हा एकदाही अडले नाही. प्रत्यक्ष बाळगायच्या पोकळ टोकाच्या काडतुसांचे २० नगांचे डबे महाग असतात, तरी त्यांतले पाच डबे मी मुद्दाम सरावात खर्च केले, कारण एखाद्या पिस्तुलाला विशिष्ट आकाराची गोळी नीट गिळता येते की नाही हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुने टॉरस पिस्तूल घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: मिलेनियम मालिकेसह काही जुन्या नमुन्यांवर, ते खाली पडल्यास गोळी सुटू शकते अशा आरोपावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला होता आणि कंपनीने त्यात समझोता केला होता. जी३सी २०२०मध्ये आलेला नंतरचा नमुना आहे आणि तो त्या दाव्यात नाही.

पिस्तूल स्वस्त घेतले तरी होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचे म्यान, स्वस्त घेऊ नये, हे मात्र मी चूक करून शिकलो. पहिले होल्स्टर एका दुकानातून १५ डॉलरला घेतलेले, मऊ कापडाचे, ‘सर्व पिस्तुलांना चालेल’ असे लिहिलेले होते. दुसऱ्याच आठवड्यात दुकानात खालच्या फळीवरचे दुधाचे कॅन उचलायला वाकलो तेव्हा त्याची कडा आत मुडपली आणि कापडाची घडी चापाच्या कड्यात शिरली. सेफ्टी लावलेली होती म्हणून निभावले, पण मागच्या खोलीत जाऊन ते सारे कमरेवरून उतरवताना माझे हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी मी नेमके याच पिस्तुलाच्या मापाचे, चाप पूर्ण झाकणारे कायडेक्सचे (एक कडक प्लास्टिक) होल्स्टर ५५ डॉलरला आणि ताठ पट्टा ४० डॉलरला घेतला. भरलेले पिस्तूल पाऊण किलोच्या पुढे जाते. साध्या पट्ट्यावर ते दिवसभर खाली ओघळत राहते आणि सारखा हात तिकडे जातो, तोच हात बघणाऱ्याला सारे सांगून जातो.

पत्नीसाठी आम्ही नंतर रूगरचे सिक्युरिटी-३८० घेतले. त्याची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवलेली आहे आणि स्लाइडला पकडण्यासाठी मागे कानांसारखे उंचवटे दिलेले आहेत. पहिल्याच दिवशी तिने कोणाच्याही मदतीशिवाय स्लाइड ओढली आणि माझ्याकडे पाहून हसली. ज्यांच्या हातांत जोर कमी आहे किंवा सांधे दुखतात, त्यांनी नऊ मिलिमीटरच्या बारीक पिस्तुलांशी झगडण्याऐवजी हे आधी पाहावे.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांनी मात्र हा लेख वाचून थेट खरेदीला जाऊ नये. तिथे मॅगझिनवर १० काडतुसांची मर्यादा आहे, आणि कॅलिफोर्नियात विक्रीसाठी मंजूर पिस्तुलांची वेगळी यादीच असते. आमच्या घरात १४ वर्षांची मुलगी आहे. १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागू शकेल असे ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही वेगळे वागलो नसतो. कमरेवर नसलेले पिस्तूल बोटांनी उघडणाऱ्या, भिंतीला बोल्टने बसवलेल्या पोलादी पेटीत जाते. ती ११० डॉलरची पेटी धरून आमचा हिशेब ६०० डॉलरच्या पुढे गेला.

गेल्या महिन्यात आम्ही पुण्याला जाणार होतो. सामान भरताना मी पाठीवरची जुनी सॅक काढली, जी कधीकधी रेंजवरही नेत असे. मुलगी तिचा आतला कप्पा झटकत होती, आणि अस्तराच्या फाटलेल्या शिवणीतून नऊ मिलिमीटरचे एक जिवंत काडतूस फरशीवर पडले. भारतात विमानतळावर सामानात असे एक काडतूस सापडले तरी शस्त्र कायद्याखाली पोलिसांत प्रकरण जाते. त्या संध्याकाळी आम्ही घरातली प्रत्येक बॅग उलटी करून पाहिली आणि लाल चिंधी बांधलेली एक स्वतंत्र बॅग रेंजसाठी ठेवली, जी गाडीची डिकी आणि रेंज यांपलीकडे कुठेही जात नाही.