आठ महिने वापरल्यानंतर: सहायकाच्या खात्यातली एक चौकट

दवाखान्याचे हे सॉफ्टवेअर घेऊन आठ महिने झाले. अपॉइंटमेंट, केसपेपर आणि रुग्णांना जाणारे आठवणीचे संदेश यांविषयी माझी काही तक्रार नाही. लिहायचे आहे ते सहायकांच्या खात्यांविषयी, कारण गेल्या महिन्यात त्यांच्यापायी माझे दोन दिवस हिशेब जुळवण्यात गेले.

मूळ योजनेत सहायकांची दोनच खाती मिळतात आणि तिसऱ्यासाठी दरमहा वेगळे पैसे पडतात. महिन्यातून चार दिवस बदलीवर येणाऱ्या बाईंसाठी पूर्ण खात्याचे पैसे मोजणे मला जिवावर आले, म्हणून त्यांना मी संध्याकाळच्या सहायिकेचेच लॉगिन वापरायला सांगितले.

खरा वैताग मात्र ‘बिलिंग’ या चौकटीचा. तिच्यावर टिक केली की पावती करणे, सवलत देणे, पावती रद्द करणे आणि महिन्याची एकूण जमा पाहणे हे सारे एकदम खुले होते. टिक काढली की साधी पावतीही छापता येत नाही. मी ती काढून ठेवली. परिणामी रुग्ण तपासत असताना दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी पावतीसाठी दारात उभे राहू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळून माझाच पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी कीबोर्डच्या खाली चिकटवलेली होती, हे मला नंतर कळले.

मग एक रुग्ण पैसे भरल्याची छापील पावती घेऊन आले, आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच पावती रद्द दिसत होती. कोणी रद्द केली हे पाहायला सॉफ्टवेअरमधली नोंदवही (कोणत्या खात्यातून काय केले गेले याची यादी) उघडली, तर तिथे माझेच नाव! त्या वेळी मी दवाखान्यात नव्हतेच. ग्राहक सेवेला मी बरेच सुनावले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते, की नोंदवही खाते ओळखते, माणूस ओळखत नाही. राग आला, पण त्यांचे म्हणणे खोडता येईना. ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार, हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 सालीच संगणकांसाठी मांडून ठेवले आहे; या एका चौकटीने ते अशक्य केले आणि उरलेली कसर माझ्या चिठ्ठीने भरून काढली. पावती समान नावाच्या दुसऱ्या रुग्णाची समजून रद्द झाली होती, एवढा उलगडा झाला. कोणाच्या हातून, ते आजही सांगता येत नाही.

त्याच संभाषणात समजले, की स्वतःची ‘भूमिका’, म्हणजे एखाद्या खात्याला द्यायच्या अधिकारांचा आपण ठरवलेला संच, तयार करण्याची सोय मुळातच आहे, फक्त ती खात्यांच्या पानावर नसून ‘शाखा’ या पानाच्या तळाशी आहे. (माझी शाखा एकच, त्यामुळे तिकडे जायचे कारणच नव्हते.) तिथे पावती आणि जमेचा अहवाल वेगळे करता येतात, आणि हे पाहून मी या परीक्षणात आधी लिहिलेली दोन कडक वाक्ये खोडली. मात्र सवलत आणि रद्द करणे यांची गाठ तिथेही सुटत नाही, म्हणून ती दोन्ही कामे सध्या मीच मोबाइलवरून करते.

नवीन घेणाऱ्यांसाठी एक सूचना: काम सोडून गेलेल्या सहायकाचे खाते पुसू नका, निष्क्रिय करा. पुसल्यास त्याच्या जुन्या नोंदींपुढे नावाऐवजी ‘अज्ञात वापरकर्ता’ असे दिसू लागते.

पासवर्ड बदलला, चिठ्ठी फाडली आणि तिसऱ्या खात्याचे पैसेही कुरकुरत का होईना, भरले. सवलतीबाबतची तक्रार तीन आठवड्यांपासून ‘विचाराधीन’ आहे, तोवर पाचपैकी तीन तारे.