स्पेन 2010 ची का 2024 ची, मले कोणती जास्त पटते

आमच्याकडं सोयाबीन निघालं का त्याच वावरात पोट्टे फुटबॉल खेळतात, अन् वाद दरवर्षी एकच, स्पेनची 2010 ची टीम भारी का 2024 ची.

2010 वाले म्हणजे झावी, इनिएस्टा, बुस्केट्स. बॉल सोडतच नव्हते, छोटे छोटे पास देऊन समोरच्याले पळवू पळवू दमवायचे अन् मंग फट दिसली की आत. पण गोल पाहा ना, वर्ल्डकपच्या 7 मॅचमध्ये फक्त 8, नॉकआउटच्या, म्हंजे हरला की बाहेर अशा, चारही मॅच 1-0. बॉल आपल्याचकडं असला तर समोरचा गोल करन कसा, हाच त्यायचा बचाव होता.

2024 च्या युरोत, म्हंजे युरोपातल्या देशायच्या कपात, वेगळंच. कोच दे ला फुएन्तेनं दोन्ही बाजूले खरे विंगर, म्हंजे लाइनवरून पळणारे, ठेवले, उजवीकडं यमाल, डावीकडं निको विल्यम्स, मधात रोद्री. क्रोएशियाकडं बॉल जास्त वेळ होता तरी 3-0 नं हरवलं, सातही मॅच जिंकल्या, 15 गोल. फायनलचा पहिला गोल तर मी कितीदा पाह्यला, 47 वं मिनिट, कार्वाहालनं पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल सरकवला, यमाल उजवीकडून आत घुसला, इंग्लंडचे डिफेंडर त्याच्याकडं ओढले गेले अन् डावीकडं निको मोकळा, यमालनं त्याले पास देल्ला, त्यानं डाव्या पायानं पहिल्याच टचमध्ये कोपऱ्यात.

मले 2024 वालीच पटते बावा. झावीसारखा पास जमाले वर्षं लागतात, अन् ढेकळाच्या वावरात बॉल उसळतेच, पण लाइनवरून पळून आत घुसणं पोट्ट्यायले आजच शिकवता येते. म्हणून सगळ्यात जोरात पळणारे दोघं मी लाइनलेच उभे करतो.