सर्जरीत रिसर्चचं वर्ष : घ्यायचं की सरळ पुढं जायचं?

सिव्हिलबाहेर चहा पिताना एका इंटर्ननं विचारलं, सर, अमेरिकेत सर्जरीच्या मधेच एक-दोन वर्षं रिसर्चला देतात म्हणे, आपण सरळ एमएस (एमबीबीएसनंतरची सर्जरीची पदवी) करून चुकतोय का? चहा संपला तरी उत्तर संपेना, म्हणून इथं लिहितोय.

तिकडं जनरल सर्जरी क्लिनिकल 5 वर्षं. मोठ्या युनिव्हर्सिटीत बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर 1-2 वर्षं रिसर्चला जातात, ती या 5 मधे धरत नाहीत, आणि बोर्डासाठी (सर्जन म्हणून मान्यता देणारी परीक्षा) किमान 850 ऑपरेशनं करावीच लागतात. आपलं एमएस 3 वर्षांचं, त्यातच थिसिस कोंबायचा, त्यातच 3 महिने डीआरपी म्हणजे जिल्हा रुग्णालयातली ड्युटी, मग बॉन्डची सक्तीची सरकारी नोकरी, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा नीट एसएस निघालीच तर एमसीएच ही त्यातली पदवी आणखी 3 वर्षं. मधे श्वास घ्यायला जागा नाही, रिसर्चचं वर्ष एमएसच्या आधी नाहीतर नंतरच.

आता खरं सांगतो, माझा थिसिस डायबेटिक फूटवर, म्हणजे डायबेटिसनं पायाला होणाऱ्या जखमांवर होता. रात्री परफोरेशनचं (आतड्याला भोक पडल्याचं) ऑपरेशन संपवून पहाटे थिसिसच्या पेशंटच्या माहितीचा फॉर्म भरायचा, आणि तीन महिन्यांनी जखम बघायला बोलवावं तर पेशंट ऊसतोडीला गेलेला, फोन बंद. पी व्हॅल्यू, म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोग नाही ना हे तपासायचा आकडा, स्टॅटिस्टिक्सवाल्यानं काढून दिली, मी तोंडी परीक्षेत पोपटासारखी म्हणून दाखवली. मोकळं वर्ष मिळालं असतं तर अक्कलकोट, इंडीपर्यंत पेशंट शोधत गेलो असतो आणि ती व्हॅल्यू कशी काढतात तेही शिकलो असतो.

पण हाताचं काय? नुकता बसलेला हात वर्षभर लॅपटॉपवर ठेवला की परत आल्यावर साधं हर्निया करतानाही चाचपडायला होतं. बॅचमेट तोवर ओपीडी टाकून बसलेले, घरी लोनचा हप्ता चालूच. आणि मॅचच्या (तिकडच्या रेसिडेन्सीसाठीच्या निवडीच्या) आधी इथून अमेरिकेत रिसर्चला जाणाऱ्यांना बऱ्याचदा पगारच नसतो, डॉलरमधला खर्च बापाच्या खिशातून.

सोलापुरातच हॉस्पिटल टाकायचं असेल तर रिसर्च सोडा, त्या वर्षात लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) फेलोशिप करा, इथं पेपर किती छापले हे पेशंट विचारत नाही. टीचिंग किंवा कॅन्सर सर्जरी डोक्यात असेल तर मात्र घ्या, फक्त गाईडकडं काम आधीच चालू असलं पाहिजे, नाहीतर वर्ष फायली आणण्यात जातं.

त्या इंटर्नला म्हटलं, गाईडला नंतर भेट, आधी त्यांच्या मागच्या रेसिडेंटला फोन लाव आणि पेपरवर लेखकांच्या यादीत त्याचं नाव कितवं आलं तेवढं विचार.