नाव मी सुचवलं, नोंद त्याने स्वतःच्या नावावर केली

साबण तयार होता, नाव नव्हतं. बहिणीचं आणि माझं त्यावरून दोन महिने वाजत होतं. तिला आवडलेलं नाव मला बाळबोध वाटायचं, मला आवडलेलं तिला मलमाच्या डबीवरचं. शेवटी ओळखीतल्या एकाने एका ‘ब्रँड सल्लागारा’चा नंबर दिला.

माणूस बोलायला गोड. पहिल्याच फोनवर तासभर ऐकून घेतलं. त्या तासात बोलता बोलता मी एक शब्द म्हटला, ‘असं काहीतरी हवं’ म्हणून. चार दिवसांनी बारा नावांची देखणी फाइल आली. पहिल्याच पानावर माझाच शब्द, शेवटचं अक्षर तेवढं बदललेलं. मी हरखले! आपलाच शब्द आपल्याला विकला जातोय हे डोक्यातच आलं नाही. उलट ‘याला माझ्या मनातलं बरोब्बर कळलं’ असं वाटलं. (ते नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.)

होकार कळवला त्याच संध्याकाळी त्याचा फोन. “ताई, आज रात्रीच अडकवून टाकू. चांगली नावं थांबत नाहीत. आणि तुम्ही स्वतः कुठे शोधत बसू नका, लोकांना सुगावा लागतो.” सगळा डाव या शेवटच्या वाक्यात होता. मी खरंच कुठे शोधलं नाही.

पैसे भरले. त्यात तीन गोष्टी होत्या: डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ट्रेडमार्कचा शोध अहवाल आणि सोनेरी शिक्क्याचं ‘जागतिक नाव आरक्षण प्रमाणपत्र’. ते प्रमाणपत्र आम्ही चक्क फ्रेम करून टांगलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण असलं काही जगात नसतंच. ट्रेडमार्कचा हक्क त्या त्या देशापुरता मिळतो. माद्रिद पद्धतीत एकाच अर्जाने अनेक देशांत मागणी करता येते, पण त्यासाठी आधी आपल्या देशातला अर्ज किंवा नोंदणी लागते, आणि पुढे प्रत्येक देशाचं कार्यालय आपापला निर्णय घेतं.

साडेतीन महिने सगळं सुरळीत. लेबलं छापून आली. मग वेबसाइट दुसरीकडे हलवायची ठरली आणि ते काम करणाऱ्या मुलाने डोमेनचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागणारा परवलीचा शब्द, मागितला. मी सल्लागाराला मेसेज केला. एरवी दोन मिनिटांत उत्तर देणारा माणूस आठवडाभर गप्प. नंतर कळलं की डोमेनचं खातं त्याचं, ईमेल त्याचा आणि मालक म्हणून नोंदही त्याचीच. आमच्या बिलावर ‘डोमेन नोंदणी सेवा’ असं लिहिलेलं. सेवा त्याने दिलीच होती. डोमेन आमच्या नावावर करून देईन असं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

तो भांडलाही नाही. “ते माझ्या गुंतवणुकीतलं डोमेन आहे ताई, हवं असेल तर विकत घ्या.” वर्षाच्या नोंदणीला जेवढे लागतात त्याच्या साठपट रक्कम सांगितली. तरीही ‘ताई’ होतंच.

डोमेन कंपनीला लिहिलं. उत्तर सरळ होतं: नोंदीत ज्याचं नाव, तोच आमचा ग्राहक. मग कुणीतरी यूडीआरपी सुचवलं. डोमेनच्या वादांसाठी आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, 1999 साली आणलेली ही पद्धत. तिथे तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखं किंवा त्याच्याशी गल्लत होईल असं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलं आहे. दुसरी-तिसरी जमलीही असती. पण पहिलीला लागणारा ट्रेडमार्क कुठून आणायचा? नाव नोंदलेलं नसलं तरी बाजारात वापरून ओळखीचं झालेलं असेल, तर त्याच्या जोरावर काही जण जिंकतात. आमची अजून एक वडीही विकली गेली नव्हती.

पैसे देऊन मोकळं व्हावं असं ठरत आलं होतं. त्याआधी एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेऊन बाजूला ठेवलं आणि शोध अहवाल मागितला. तो एक पानाचा. अगदी तेवढंच स्पेलिंग टाकून ‘आढळले नाही’, कोणत्या वर्गात शोधलं त्याचा पत्ताच नाही. ट्रेडमार्कसाठीच्या नीस वर्गीकरणात माल आणि सेवा मिळून 45 वर्ग असतात, साबण तिसऱ्यात येतो. बाईंनी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस उघडला, जो कुणालाही फुकट वापरता येतो, आणि स्पेलिंग थोडं इकडेतिकडे करून पाहिलं. चहा निवायच्या आत सापडलं. आपल्याच देशात, तिसऱ्याच वर्गात, आमच्या आधी नोंदलेलं नाव. अक्षरं वेगळी, कानाला मात्र तेच. आणि कायदा नुसतं स्पेलिंग बघत नाही. ऐकताना, बघताना, अर्थावरून गिऱ्हाइकाची गल्लत होईल का, ते बघतो.

“पण आपली कंपनी त्या नावाने नोंदली गेली ना?” बहिणीने विचारलं. ती नोंद निराळी. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ते मालावर छापायचा हक्क मिळाला, असं होत नाही.

म्हणजे जे नाव तो आम्हाला साठपटीने विकत होता, ते आम्हाला वापरताच आलं नसतं. मला आधी हसू आलं, मग लेबलांचे गठ्ठे आठवले.

दुसरं नाव आम्ही घरी बसून जुळवलं, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं. जॉर्ज ईस्टमनने 1888 साली नोंदवलेलं ‘कोडॅक’ असंच मनाने रचलेलं होतं. मालाचं वर्णन करणाऱ्या नावापेक्षा असं नाव राखायला सोपं, असं बाई म्हणाल्या. या वेळी डोमेनचं खातं मी स्वतः उघडलं. सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव हल्ली बहुतेकदा झाकलेलं असतं, त्यामुळे खात्यात आत शिरून मालकाच्या रकान्यात कोण आहे ते वाचलं. दोनदा वाचलं. ट्रेडमार्कच्या अर्जावरही अर्जदार आम्ही, बाई फक्त प्रतिनिधी.

अर्ज केल्यावर महिनाभरात एक भारदस्त बिल आलं, ‘आंतरराष्ट्रीय नोंदवहीत प्रसिद्धी’चं. ट्रेडमार्कचे अर्ज सार्वजनिक असतात, अशी खोटी बिलं पाठवणारे पत्ते तिथूनच उचलतात. बहीण भरायलाच निघाली होती. मग एक ईमेल: ‘दुसरी एक कंपनी परदेशात तुमच्या नावाची डोमेनं घेतेय, तुम्हाला हवी असतील तर त्वरित कळवा.’ ते मात्र तिनेच वाचून उडवलं.

परवा सहज जुना पत्ता टाकून पाहिला. पानावर ‘हे डोमेन विक्रीस आहे’ अशी पाटी आहे. किंमत त्याने वाढवली आहे.