बोली लावून पसार झालेले गिऱ्हाईक

ऑनलाइन लिलावातील फसवणूक म्हटले की वस्तू गेली आणि पैसे आलेच नाहीत, असाच प्रकार डोळ्यांपुढे येतो. माझ्या बाबतीत वस्तू माझ्याकडेच राहिली, खात्यातून कोणी पैसेही काढले नाहीत, आणि तरीही मी पुरता फसलो. हे सविस्तर लिहीत आहे, कारण अशा प्रकारात विक्रेत्याचे नुकसान नेमके कोठे होते, हे मलाही लिलाव संपून तीन आठवडे उलटल्यावरच उमगले.

विकायचा होता तो दुहेरी भिंगाचा एक जुना फिल्म कॅमेरा. भिंगाच्या कडेला असलेला बुरशीचा ठिपका स्पष्ट दिसावा म्हणून मी टॉर्चच्या उजेडात वेगळा फोटो काढला होता, आणि शटर एक सेकंदाच्या वेगावर अडकते, बाकीचे वेग ठीक चालतात, हे वर्णनाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिले होते. लिलाव सात दिवसांचा होता. हिशेब कळायला सोपा जावा म्हणून सुरुवातीची बोली १०० होती असे धरू. पाचव्या दिवसापर्यंत दोन जणांत खरी चुरस होती. त्यांपैकी एकाने १६० वर हात आखडता घेतला आणि दुसऱ्याच्या नावावर बोली १६५ वर स्थिरावली. या दोघांनीही बोली लावण्याआधी शटरबद्दल आणि फिल्म पुढे सरकवण्याच्या दांड्याबद्दल बारीकसारीक चौकशी केली होती.

सहाव्या रात्री तिसरा अवतरला. त्याचे खाते अकरा दिवसांपूर्वी उघडलेले होते, त्यावर एकही अभिप्राय नव्हता आणि त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटांत त्याने सहा बोल्या लावल्या आणि किंमत १६५ वरून २१५ वर नेली. खरोखर घेणाऱ्याला असे चढत जाण्याची गरज नसते, कारण अशा लिलावांत प्रत्येकाने आपली कमाल रक्कम एकदाच भरून ठेवायची असते आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. हा माणूस माझ्या दुसऱ्या बोलीदाराची कमाल मर्यादा कोठे आहे ते चाचपून पाहत होता आणि ती २१० वर सापडताच त्याने वर एक पायरी चढून मुक्काम केला. मी मात्र वाढणारा आकडा पाहून खूश होतो, आणि आता लिहितानाही त्या खुशीची लाज वाटते.

लिलाव संपल्यावर पहिले तीन दिवस ‘आज रात्री पैसे पाठवतो’ या एकाच वाक्यावर गेले. पाचव्या दिवशी त्याने पैसे पाठवल्याचा एक स्क्रीनशॉट धाडला, ज्यावर ‘प्रक्रिया सुरू’ असे लिहिलेले होते. मी कॅमेरा फोममध्ये गुंडाळून खोक्यात भरला, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि पत्ताही लिहिला. केवळ त्या दिवशी घराबाहेर पडणे झाले नाही म्हणून तो रवाना झाला नाही. खात्यात अर्थातच काहीच जमा झाले नाही. दुसऱ्याने पाठवलेले चित्र हा पैसे मिळाल्याचा पुरावा नसतो, हे मला माहीत नव्हते असे नाही, पण सौदा पार पडावा अशी मनातून घाई असली की माहीत असलेलेही आठवत नाही.

आठव्या दिवशी सूर बदलला. शटर अडकते हे आपल्याला सांगितलेच नव्हते, त्यामुळे हा व्यवहार संकेतस्थळावर रद्द करावा आणि कॅमेरा बाहेरच्या बाहेर १२० ला द्यावा, असा त्याचा प्रस्ताव आला. सगळा खेळ यासाठी होता. खऱ्या गिऱ्हाइकांना उंच बोलीने हुसकावून लावायचे, विक्रेत्याला आठवडाभर झुलवत ठेवायचे आणि तो कंटाळला की पडेल भावात वस्तू उचलायची. शिवाय व्यवहार संकेतस्थळाबाहेर गेला की विक्रेत्याला तिथले कसलेही संरक्षण उरत नाही. मी १२० ला नकार दिला, पण त्याच भरात एक चूक केली. रद्द करण्याचे कारण निवडताना ‘खरेदीदाराने पैसे भरले नाहीत’ याऐवजी ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून’ हा पर्याय निवडला, कारण त्याने तसे गोड शब्दांत सुचवले होते आणि मलाही वाद नको होता. त्यामुळे त्याच्या खात्यावर पैसे न भरल्याची नोंद झालीच नाही आणि तो पुढच्या लिलावाला मोकळा झाला. ईबेसारख्या मोठ्या ठिकाणी पैसे भरायला चार दिवसांची मुदत असते, ती संपली की विक्रेता ‘पैसे भरले नाहीत’ या कारणाने विक्री रद्द करू शकतो, आणि अशा नोंदी साचलेल्या खरेदीदारांना आपल्या वस्तूंवर बोली लावण्यापासून आधीच रोखण्याची सोयही तिथे आहे. पण ही सगळी यंत्रणा चालते ती आपण निवडलेल्या त्या एका कारणावर.

खरे नुकसान यापुढे झाले. संकेतस्थळाच्या सोयीनुसार मी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला ‘दुसरी संधी’ देऊ केली, जी आपोआप त्याच्या कमाल बोलीवर, म्हणजे २१० वर गेली. त्याचे उत्तर थोडक्यात असे होते, की वरचा बोलीदार नाहीसा होतो आणि विक्रेता दुसऱ्याच दिवशी चढलेली किंमत मागतो, हा प्रकार आपण पूर्वीही पाहिला आहे. म्हणजे ते खोटे खाते माझेच असावे, असा त्याला संशय होता. आधी मला राग आला, पण शांतपणे विचार केल्यावर त्याच्या जागी मीही हेच म्हटले असते असे वाटले, कारण स्वतःच्याच वस्तूवर बोली वाढवणारा लबाड विक्रेता आणि खोट्या बोलीदाराने गंडवलेला विक्रेता हे बाहेरून अगदी सारखेच दिसतात.

मग मी बोल्यांची यादी कागदावर उतरवून तिसऱ्याची प्रत्येक बोली खोडली. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये ज्या लिलावाचा अभ्यास मांडला, त्यात जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत देतो, आणि आपोआप बोली वाढवणारी ही यंत्रणाही जवळपास तशीच चालते. किंमत ठरते ती जिंकणाऱ्यामुळे नव्हे, तर त्याच्या मागे असलेल्यामुळे. खोटा बोलीदार वजा केला तर माझ्या दुसऱ्या बोलीदाराच्या मागे उरत होता तो १६० वर थांबलेला माणूस, म्हणजे कॅमेऱ्याची प्रामाणिक किंमत १६५ होती आणि मी त्याच्याकडे ४५ जास्त मागत होतो. एका भामट्याने फुगवलेला आकडा मी दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालो होतो. हे ध्यानात येताच मी दिलगिरीसह खुलासा लिहिला आणि १६५ या ठरीव किमतीला कॅमेरा नव्याने देऊ केला. त्याने सभ्यपणे आभार मानले आणि कळवले की त्याने दोन दिवसांपूर्वीच दुसरा कॅमेरा घेतला.

पहिल्याने १६० ची बोली सोडून इतका काळ लोटला होता की त्याने उत्तरच दिले नाही. जाहिरात ठळक दिसावी म्हणून वेगळे भरलेले शुल्कही परत मिळाले नाही. शिवाय नव्या जाहिरातीवर दोनच दिवसांत एका वेगळ्या, तितक्याच कोऱ्या खात्यावरून ११५ ला मागणी आली. त्या निरोपातही कॅमेऱ्याचे ‘क्यामेरा’ झाले होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबे होती, अगदी त्या पसार झालेल्या खोट्या बोलीदाराच्या निरोपांसारखी. दोघे एकच होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण ते खाते मी तत्काळ रोखले आणि या वेळी दोन्ही खात्यांमधील पत्रव्यवहार जोडून संकेतस्थळाकडे तक्रारही केली.

लिलावाचा नाद सोडून मी ठरीव किंमत ठेवली आणि ‘लगेच पैसे भरणे आवश्यक’ ही अट घातली, ज्यामुळे पैसे जमा होईपर्यंत वस्तू विकली गेल्याचे दाखवलेच जात नाही. नवव्या दिवशी एका बाईंनी विचारले, की एक सेकंदावर अडकलेले शटर पुन्हा चावी दिल्यावर सुटते का, की कॅमेरा उघडावा लागतो. मी तसे करून त्याचा छोटा व्हिडिओ पाठवला, आणि वीस मिनिटांत १५० जमा झाले.